हौसाबाई गप्प का राहिली

आप्पा, आमच्या राहू गावच्या चौकात तुमचा फ्लेक्स लागलाय.

फोटो आमच्याकडचाच आहे, डेअरीच्या आवारात काढलेला. डोक्याला भगवा फेटा, अंगावर शाल आणि उन्हानं लालबुंद झालेलं नाक. वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, खाली ‘शोकाकुल : समस्त दूध उत्पादक’. अडलं ते फक्त नावाशी. फ्लेक्सवाल्यानं मला फोन करून तुमचं आडनाव तीनदा विचारलं, तिन्ही वेळा मी सांगितलं, आणि शेवटी माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनीच निकाल लावला. त्यामुळे सध्या तुम्ही ‘कै. डोनलआप्पा आयर्लंडकर’ आहात. त्याबद्दल मी माफी मागणार नाही. तुम्हाला ते आवडलं असतं.

नोराचा मेल मंगळवारी आला. मी शिरूरला कॉलेजच्या स्टाफरूममध्ये दोन तासांच्या मधल्या वेळात बसले होते. तुमच्या मुलीनं चारच ओळी लिहिल्या होत्या. मी त्या वाचल्या, मोबाइल पालथा ठेवला आणि बारावीचा पुढचा तास घेतला, कारण दुसरं काय करायचं ते सुचलं नाही. मग आबांना कळवलं. त्यांनी दहावा कधी आहे ते विचारलं. तुमच्यात दहावा नसतो, चर्चमध्ये प्रार्थना होते आणि मग लोक घरी जमतात, चहा घेतात, गेलेल्या माणसाबद्दल बोलत बसतात, असं मी सांगितलं. आबा म्हणाले, “मग एवढं तर आपल्याला बी जमंल.” दुसऱ्या दिवशी सकाळचं दूध घालून झाल्यावर पंधरा-वीस माणसं डेअरीच्या ओट्यावर चहा घेत तुमच्याबद्दल बोलत बसली. त्यातल्या निम्म्यांना आयर्लंड कुठे आहे ते सांगता आलं नसतं. तुमचं नाक उन्हानं कसं लाल झालं होतं, ते मात्र सगळ्यांना आठवत होतं.

तिकडच्या वर्तमानपत्रांत तुमच्याबद्दल खूप आलंय. नोरानं कात्रणं पाठवलीत. कुठली नाटकं किती वर्षं चालली, लंडनला कुणी केली, कुठली पारितोषिकं मिळाली. ते सगळं खरंच आहे. पण मला तुमच्याशी आपल्या भांडणाबद्दल बोलायचंय. ते अर्धवट टाकून तुम्ही गेलात असं मला दोन दिवस वाटत होतं. तसं नव्हतं, हे आता कळलंय.

तुम्ही मला भेटलात तेव्हा मी पुण्यात एम. ए. करत होते. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं, आणि मी हट्टानं इंग्रजी साहित्य घेतलं होतं. वर्गातल्या मुली इंग्रजीत भांडायच्या, इंग्रजीत रडायच्या. मी तिसऱ्या बाकावर गप्प बसून दिवाणखाने, बग्ग्या आणि चहाच्या पार्ट्या पाठ करायचे. साहित्य म्हणजे आपण जिथे कधीच बोलावले जाणार नाही तिथलं वर्णन, अशी माझी समजूत झाली होती. मग एकदा ग्रंथालयात, लोकांनी परत केलेल्या पुस्तकांच्या ढिगात तुमचं बारीकसं नाटक हाताला लागलं. पहिल्याच पानावर सकाळची डेअरी आणि दुधाच्या कॅन घेऊन रांगेत उभी असलेली माणसं. एक जण दुसऱ्याला सांगतोय की आज बायकोपेक्षा गाईचा मूड बरा आहे. मी मोठ्यानं हसले. ग्रंथपालांनी मला बाहेर जायला सांगितलं. तो विनोद मी लहानपणापासून ऐकत आले होते, आमच्याच रांगेत, म्हशीच्या नावानं.

आबा राहूच्या डेअरीत दूध तपासतात, तेव्हाही तपासायचे. आलेल्या प्रत्येक कॅनमधून नमुना घ्यायचा, दुधातली फॅट काढायची, आकडा मोठ्यानं सांगायचा. मी त्यांच्या शेजारी पोत्यावर बसून अभ्यास केलाय. तुमचं नाटक मी चार महिन्यांत राहूच्या बोलीत उतरवलं. आमच्या सरांनी ते प्रमाण मराठीत करायचा सल्ला दिला. मी पुस्तकाच्या मागच्या पत्त्यावर तुम्हालाच पत्र लिहून विचारलं, काय करू?

तुमचं उत्तर आलं, निळ्या शाईत, वाकड्या अक्षरात. परवानगीबद्दल एक शब्द नाही. दोनच प्रश्न : तुमची डेअरी किती वाजता उघडते, आणि पहिला नंबर कुणाचा यावरून भांडणं होतात का? मी सहा पानं लिहिली. इंग्रजीत सहा पानं मी परीक्षेतसुद्धा कधी लिहिली नव्हती. तुम्ही माझी एकही चूक दाखवली नाहीत. उलट कळवलंत की जे लोक तुझ्या बापाला आकडा विचारतात तेच लोक नाटक बघणार आहेत, मग त्यांच्या बोलीची लाज कुणाला वाटते, त्यांना की सरांना?

त्यानंतरची दहा-बारा वर्षं, आप्पा, ही माझी खरी पदवी.

तुमचं आयुष्य मला तुकड्यातुकड्यानं कळलं. नऊ गाई, अर्धवट सुटलेली शाळा, वडील वारल्यावर घरातला मोठा म्हणून धरलेली डेअरीतली कारकुनाची नोकरी. लॅक्टोमीटर बुडवायचा, नावं पुकारायची, आणि मधल्या वेळात पावत्यांच्या पाठीवर संवाद लिहायचे. मला सापडलेलं ते नाटक तुमचं पहिलं; ते गावच्या सभागृहात झालं आणि डेअरीच्या चेअरमनच्या घराण्यानं तुमच्याशी बोलणं सोडलं. त्यांच्यामागून गावानं सोडलं. चर्चमध्ये तुमच्या बाकावर कुणी बसेना, तुमची आई आडवाटेनं जायला लागली. तिकडे राजधानीत लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. शहरात येऊन राहा, असं सगळ्यांनी सांगितलं. तुम्ही नऊच्या बारा गाई केल्यात आणि तिथेच राहिलात. मी एकदा विचारलं की राग नाही आला? तुम्ही लिहिलंत, सकाळी धारा काढाव्या लागत होत्या, रागाला वेळ दुपारी मिळायचा आणि दुपारी मी लिहायचो.

आपलं भांडण मात्र त्याच नाटकाच्या शेवटावरून होतं. नाटकातला चेअरमन स्वतःच्या दुधात पाणी घालून आणतो. कारकून लॅक्टोमीटरची नळी बुडवतो, पाणी दिसतं, चेअरमन त्याच्याकडे नुसता बघतो. कारकून घाबरतो. रांगेत पुढचा नंबर एका विधवेचा असतो, जिला मी मराठीत हौसाबाई केलं. चेअरमनचं पाणी तो तिच्या नावावर पुकारतो. दूध परत. सगळ्या रांगेसमोर ती कॅन उचलते आणि एक अक्षर न बोलता चालू लागते. नाटक संपतं.

मी लिहिलं, आमच्याकडे हे कुणी खरं मानणार नाही. राहूची बाई असती तर त्या कारकुनाच्या सात पिढ्या तिनं रांगेत उभ्या केल्या असत्या. तिला निदान चार वाक्यं द्या. तुम्ही नाही म्हणालात. कारण दिलं नाहीत. हे गप्प राहणं म्हणजेच नाटक, एवढंच. मी पुन्हा लिहिलं, तुम्ही पुन्हा नाही म्हणालात. तीन वर्षं.

मग पुण्याला कसल्याशा परिसंवादासाठी तुम्ही आलात आणि तिथून आमच्याकडे. आधी शिरूरला माझ्या कॉलेजातल्या मुलांशी बोललात. तिथून राहूला निघालो तेव्हा शिक्रापूरला ट्रकांच्या मागे पाऊण तास अडकलो. तिथे माझा चुलतभाऊ विकास गाडीत चढला. तो सणसवाडीच्या कंपनीत कामाला, शिक्रापूरला खोली करून राहायचा, आणि तुमच्यासाठी आम्ही राहूत बसवलेल्या त्या नाटकातला कारकून तोच. संवाद त्यानं मशीनवर पाठ केले होते. सुपरवायझरला वाटलं हा नवस बोलतोय. तुम्हाला हे सांगितल्यावर तुम्ही इतके हसलात की ड्रायव्हरनं मागे वळून पाहिलं.

हौसाबाईचं काम रखमामामी करणार होत्या. रोज दोन्ही वेळा दूध घालणाऱ्या, नाटक कधी न बघितलेल्या. त्यांनी एकच अट घातली होती. “रिकामी कॅन घिऊन म्या डेअरीत पाऊल ठिवणार न्हाई. लोक काय म्हणतील?” त्यामुळे नाटकातली कॅनही खरी होती आणि दूधही, त्यांच्याच म्हशीचं.

सकाळचं दूध-संकलन उरकल्यावर आवारात नाटक सुरू झालं. माणसं ओट्यावर, बायका ताडपत्रीवर, तुम्ही मधोमध खुर्चीत. सगळं छान चाललं होतं. शेवटच्या प्रवेशाच्या तोंडावर, विकासनं नळी हातात घेतली नि आमचे चेअरमन माइक घेऊन उठले. त्यांना यवतला लग्नाला जायचं होतं, तेव्हा पाहुण्यांचा सत्कार आत्ताच उरकून घेऊ म्हणाले. नाटक जागच्या जागी थांबलं. विकास नळी धरून उभा, रखमामामी कॅन धरून उभ्या, आणि तुम्हाला फेटा, शाल, श्रीफळ. मला जमिनीत जावंसं वाटत होतं. तुम्ही नारळ मांडीवर घेऊन बसलात, फेटा सावरलात आणि मला म्हणालात, “आमच्याकडे ह्या चेअरमननं नाटकच थांबवलं असतं. तुमचे निदान मध्यंतर करतात.”

चेअरमन गेले. विकासनं नळी बुडवली आणि पुकारलं, “हौसाबाई, पाणी हाय. दूध परत.” मामींनी त्याच्याकडे एकदा बघितलं. मी शिकवल्याप्रमाणे मान खाली घातली, कॅन उचलली आणि चालू लागल्या. सगळं आवार त्यांच्याकडे बघत होतं. मला वाटलं, जिंकले बाई आप्पा. असंच हवं होतं.

आणि आबा उठले.

“रखमा, थांब. कॅन ठिव खाली.”

विकास कुजबुजला, “आबा, नाटक चाललंय.”

“नाटक असू दे. दुसरा नमुना घेतल्याबगर दूध परत करता येत न्हाई. नियम हाय.”

आबांना वेड लागलं नव्हतं. समोर चाललंय ते नाटक आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण त्यांच्या डेअरीत, त्यांच्या डोळ्यांदेखत, चुकीच्या पद्धतीनं दूध परत जात होतं, आणि ते त्यांना बघवेना. ताडपत्रीवरून बायकांचा आवाज आला, व्हय, घ्या की दुसरा नमुना. एक म्हातारी विकासला म्हणाली, “चेअरमनच्या दुधात पाणी हुतं, तवा तू गप बसलास, म्या बघितलंय.” विकास माझ्याकडे बघायला लागला. मी तुमच्या खुर्चीशेजारी तोंड झाकून बसले होते. आबांनी मशीन चालू केलं, सगळ्यांसमोर नमुना घेतला आणि रोजच्या आवाजात सांगितलं, “फॅट सात लागली. दूध चांगलं हाय. घ्या मापात.”

टाळ्या इतक्या झाल्या की नाटक पुन्हा सुरू करायची सोयच राहिली नाही.

तुम्ही माझ्या कानाशी वाकून काय झालं ते विचारलंत. मी अडखळत सांगितलं. तुम्ही रागवाल असं वाटलं होतं. तुम्ही उठलात, फेट्यासकट आबांपुढे जाऊन उभे राहिलात आणि त्यांचा हात धरलात. सोडेचनात. आबा अवघडले, मला म्हणाले, “सुनी, ह्यांना चक्कर बिक्कर येतीया का बघ.”

दुपारी जेवणं झाल्यावर आमच्या ओट्यावर तुम्ही मला ते सांगितलंत. तो कारकून तुम्हीच होतात. चेअरमन खरा, नळी खरी, ती विधवाही खरी. बाविसाव्या वर्षी तुम्ही तिचं नाव पुकारलंत आणि ती न बोलता निघून गेली. पुढे तुम्ही नाटक लिहिलंत, चेअरमनला उघडं पाडलंत, लोक तुम्हाला धीट म्हणायला लागले. कारकून कोण ते कुणी विचारलं नाही आणि तुम्ही सांगितलं नाहीत. ती वारली तरी सांगितलं नाहीत.

मी तरुण होते, नुसती वाद घालायला शिकलेली. मी म्हणाले, मग आबांनी केला तोच शेवट पुस्तकात घाला, किती चांगला आहे. तुम्ही नकारार्थी मान हलवलीत. “तुझ्या गावात तुझे आबा आहेत. माझ्या गावात त्या दिवशी मी होतो.” मग निदान तिला बोलू द्या, मी म्हणाले. “ती बोलली तर मी सुटतो,” तुम्ही म्हणालात.

तिथे मी थांबायला हवं होतं. तुम्ही परत गेल्यावर मी लिहिलं की अपराध तुमचा आणि मुकं केलंत तिला. इतकी वर्षं ती रंगमंचावर रोज मान खाली घालून निघून जातेय, म्हणजे तुम्हाला रोज रात्री वाईट वाटून घेता यावं. दोन महिने तुमचं पत्र आलं नाही. मग आलं, गाईच्या आजारपणाचं. त्या वाक्याबद्दल आपण पुन्हा कधी बोललो नाही. मी ते मागेही घेतलं नाही. आज घेतलं असतं असं म्हणणार होते, पण खोटं कशाला बोलू. तेव्हा मला ते खरं वाटत होतं.

शेवटच्या फोनवर तुम्हाला बोलताना दम लागत होता. आपल्या भांडणाबद्दल काहीतरी सांगायचंय म्हणालात, नीट श्वास घेता आला की सांगतो. मी म्हणाले, घाई नाही. आप्पा, घाई होती.

काल नोरानं एका कागदाचा फोटो पाठवला. तुमच्या टेबलावर सापडलेला. माझं नाव आणि खाली एक ओळ : ‘सुनीता, भांडण तू हरलीस, पण मी जिंकलो असंही नाही.’ पुढे कागद कोरा. बाकीचं नोरानं फोनवर सांगितलं.

यंदाच्या उन्हाळ्यात गावच्या सभागृहात तुमचा कार्यक्रम होता. त्याच सभागृहात, जिथून सगळं सुरू झालं. शेवटचा प्रवेश तुम्ही वाचणार होतात. तुम्ही पानं बाजूला ठेवलीत आणि सांगितलंत, हा कारकून मी होतो. त्या बाईचं खरं नाव घेतलंत आणि तिची माफी मागितलीत. ऐंशीव्या वर्षी, सगळ्या गावासमोर, जेव्हा तुमच्याकडून कुणीच काही मागत नव्हतं.

मागच्या रांगेत तिची नात होती. ती उठली आणि म्हणाली, आमच्या घरी हे सगळ्यांना माहीत आहे. आजीनंच सांगितलं होतं. तिनं नळी बघितली होती, चेअरमनची नजरही बघितली होती. ती म्हणायची, त्या पोराचा बाप नुकताच गेला होता, मागे चार भावंडं होती. मी तोंड उघडलं असतं तर त्याची नोकरी त्याच दिवशी गेली असती. माझी काय, एक कॅन गेली. ती मी घरी नेली आणि लोणी काढलं.

नोरा सांगत होती, तुम्ही मंचावरून खाली उतरलात. मग त्या नातीच्या शेजारी जाऊन बसलात.

म्हणजे ती मुकी नव्हती आप्पा, आणि तुम्हीही तिला मुकं केलं नव्हतंत. तिनं ठरवून तोंड मिटलं होतं, तुमच्यासाठी. त्या नोकरीवर भावंडं शिकली, त्या पावत्यांवर नाटकं लिहिली गेली, त्यातलं एक फिरत फिरत माझ्या हाताला लागलं आणि तिसऱ्या बाकावरची मुलगी बोलायला लागली. मी हरले हे मला मान्य आहे. हरल्याचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता. आणि तुमचा अभिमान वाटतो तो त्या कात्रणांमधल्या कशाचाही नाही. तुम्ही त्या सभागृहात पानं खाली ठेवलीत, त्याचा आहे.

आज सकाळी मी राहूला गेले आणि आबांना हे सगळं सांगितलं. आबा नमुना घ्यायचे थांबले. “बाई लई मोठी हुती,” एवढंच म्हणाले.

रांगेत रखमामामी होत्या. त्यांनी ऐकलं, कॅन खाली ठेवली आणि माझ्यावरच चिडल्या.

“आगं मग हे तवा सांगायचं न्हवं का? तू म्हणालीस मान खाली घाल, म्या घातली. तिनं कशाला मान खाली घालावी? तिनं पोराची नोकरी राखली.”

मी म्हणाले की मामी, तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. लिहिणाऱ्यालासुद्धा नाही.

“आता झालं की माहीत,” त्या म्हणाल्या. “परत कर नाटक. आन् आबांना सांग, मधी उठायचं न्हाई.”

रविवारी तालीम आहे, आप्पा. विकासनं सुट्टी टाकलीय. हौसाबाई एक अक्षर बोलणार नाही, तुम्ही लिहिलंय तस्संच. फक्त मान ताठ ठेवून जाणार आहे.